दोनशेवा पक्षी

रविवार, ४ जानेवारी

आजच्या सभेत पक्षिमित्र मंडळाचा कार्यवाह म्हणून माझी निवड झाली. बिनविरोध. तशी आणखी दोन नावं पुढे आली होती, पण ते दोघे त्या वेळी खाली चहा प्यायला गेले होते.

आमचे अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. ते भाषणात म्हणाले, "यांच्या हुद्द्यातच निरीक्षक आहे. आपल्याला पक्षिनिरीक्षक शोधायला लांब कशाला जायचं?" टाळ्या पडल्या. चौतीस वर्षं मी वजनमापांचा निरीक्षक होतो. दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवताठेवता तराजूची दांडी कुठल्या अंगाला झुकते ते सांगायचो. आता तराजूच्या जागी पाखरं, एवढाच काय तो फरक.

पहिली कामगिरीही लगेच पदरात पडली. एक फेब्रुवारीला धरणावर दिवसभराची सहल आहे. आजवर वाट दाखवायला ड्रॉइंगमास्तर असायचे, ते मुलीकडे राहायला गेले. म्हणून मार्गदर्शकही मीच. मंडळात येऊन मला अवघे चौदा महिने झालेत, पण मी म्हटलं, हरकत नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "अहो, पण..." आणि थांबली.

"पण काय?"

"काही नाही. जिना चढताना दिवा लावत जा."

विषय काय, बोलणं काय! तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्यामुळे हिला एका लाइनीवरून दुसरीवर उडी मारायची सवयच लागली आहे.

शुक्रवार, ९ जानेवारी

दुर्बीण बिघडली आहे. दोन-तीन महिन्यांपासून संशय होताच. सगळं कसं तेलकट कागदातून पाहिल्यासारखं दिसतं. चौकातल्या घड्याळवाल्याकडे घेऊन गेलो. तो दुर्बिणीही दुरुस्त करतो. त्याने खोलली, फुंकर मारली, पुसली, दारात जाऊन रस्त्यापलीकडे रोखली.

"साहेब, काचेत काही दोष नाही."

"मग धूसर का दिसतं?"

"मला तर त्या बँकेच्या दारावरची वेळसुद्धा वाचता येतेय." आणि दुर्बीण परत देताना हळूच, "डोळे कधी तपासले होते?"

हा माणूस दुर्बिणीचा कारागीर की डोळ्यांचा? आपलं काम अडलं की गिऱ्हाइकावर ढकलायचं, ही तऱ्हा मी चौतीस वर्षं पाहिली आहे. काट्यात फरक सापडला की दुकानदार म्हणायचे, साहेब, वाऱ्याने हलतोय. याने तर मजुरीही घेतली नाही. काम जमलंच नाही तर घेणार कुठल्या तोंडाने?

मंगळवार, १३ जानेवारी

पाखरांच्या पुस्तकाचा कसून अभ्यास चालू आहे. पुस्तक चांगलं आहे, पण हल्ली कागद वाचवण्यासाठी छपाई फारच बारीक करतात. शिवाय मला ऐकलेलं जास्त लक्षात राहतं. म्हणून ही वाचते आणि मी ऐकतो. काल बदकं संपली. आवाजाचं वर्णन आलं की ही ते तोंडाने काढून पाहते आणि स्वतःशीच हसते. मी तिला म्हटलं, पुढे वाच, आपल्याला वेळ थोडा आहे.

सकाळी गच्चीवर गेलो होतो. ही कपडे वाळत घालत होती. तोंडात चिमटा, पाठ माझ्याकडे. तशीच म्हणाली, "धोबी पक्षी आलाय बघा. दोन आहेत." मी दुर्बीण लावली. पाण्याची टाकी दिसली.

"टाकीच्या डावीकडे, नळाजवळ."

टाकीच्या डावीकडे टाकीच होती. न बघता सांगणं याला निरीक्षण म्हणत नाहीत, अंदाज म्हणतात, हे मी तिला नीट समजावून दिलं. ती "बरं" म्हणाली आणि माझ्या सदऱ्याची बटणं लावायला लागली. एक बटण खालच्या काजात गेलं होतं. काजं हल्ली फार जवळजवळ करतात.

सोमवार, १९ जानेवारी

दाढ ठणकत होती म्हणून अध्यक्षांच्या दवाखान्यात गेलो. अध्यक्षांचं एक आहे, समोरच्याचं तोंड उघडं असल्याशिवाय त्यांना बोलायला सुचत नाही. आरसा आणि आकडा माझ्या तोंडात घालून त्यांनी मंडळाची सगळी परिस्थिती मांडली.

"शेजारच्या गावच्या मंडळाची पक्ष्यांची यादी गेली दोनशे तेरावर. आपण अडीच वर्षं एकशे नव्व्याण्णववर अडकून पडलोय. महासंघाचं अधिवेशन दोनशेच्या आतल्या मंडळाला मिळत नाही. दुखतंय?"

मी मान हलवली.

"दुखणारच. मागच्या अधिवेशनात त्यांच्या अध्यक्षाने मला विचारलं, अजून नव्व्याण्णवच का? चहाचा कप हातात धरून विचारलं. सगळ्यांसमोर. तेव्हा मी काय म्हणतो, दोनशेवा या धरणावरच मिळाला पाहिजे. मिळेल ना?"

मी "आ" म्हणालो. तो होकार धरण्यात आला.

येताना मनात विचार आला, की मिळाला पाहिजे असं म्हटल्याने पक्षी मिळतो का? नोकरीत असताना वरिष्ठ सांगायचे, या महिन्यात पंधरा खोटे तराजू सापडलेच पाहिजेत. आणि सापडायचे. तेव्हा मिळेलही.

गुरुवार, २९ जानेवारी

धरणाच्या कार्यालयातून पत्र आलं. एक तारखेला नदीत पाणी सोडणार आहेत. वेळ हाताने भरली आहे, १.३०. काय एकेक कारकून! अक्षर म्हणजे मुंग्यांनी शाईत पाय बुडवून फिरावं तसं.

दीड म्हणजे दुपारचा. त्यामुळे आपल्याला फार सोयीचं झालं. धरणाच्या खाली नदीच्या मधोमध एक उंचवटा आहे. पात्र कोरडं असताना तिथवर चालत जाता येतं आणि तिथून दोन्ही काठांवरचे पक्षी दिसतात. साडेआठला उतरायचं, नऊला उंचवट्यावर, अकराला परत, बसपाशी जेवण. परिपत्रक काढलं. टोपी मातकट रंगाची असावी, मोठ्याने बोलू नये, पक्षी प्रथम मार्गदर्शकास दाखवावा, परस्पर नाव घेऊ नये. एकूण एकवीस सूचना.

ही म्हणाली, "बघू ते पत्र."

"फाइलला लावलं."

"मला दाखवा तरी."

मी म्हटलं, अगं, मी आयुष्यभर ग्रॅमच्या शंभराव्या भागाचा हिशेब पाहिलाय, एक वेळ वाचता येत नाही का मला? मग तिने विषय सोडला. पण बसमध्ये एक जागा रिकामी आहे हे तिला कुठून कळलं देव जाणे. मीही येणार म्हणते. पाखरांचं तिला काही वेड नाही. बहुधा घरी एकटीला कंटाळा येत असावा.

शनिवार, ३१ जानेवारी

सगळी तयारी झाली. मी धरून अडतीस जण.

एक गोष्ट लिहावी की नाही कळत नाही. हल्ली रस्त्यावरच्या दिव्यांभोवती गोल कडी दिसतात. लग्नाच्या मांडवातल्यासारखी, झगमगीत. वाईट दिसत नाहीत, पण पूर्वी नव्हती. मी हिला विचारणार होतो, तुलाही दिसतात का? विचारलं नाही. ती "नाही" म्हणाली असती तर काय करायचं?

उद्या लवकर उठायचं आहे.

रविवार, १ फेब्रुवारी

दमलोय, तरी आजच लिहायला हवं. आजचा दिवस मंडळाच्या इतिहासात नोंदला जाईल.

बस वेळेवर निघाली. बसमध्ये मी एकवीस सूचना वाचून दाखवल्या. म्हणजे पाठ होत्या, कागद फक्त हातात धरला. सगळ्यात पुढे अध्यक्ष, पिवळीजर्द टोपी घालून. मातकट टोपीचा नियम मी त्यांना कसा सांगणार? त्यांच्या मागे लेन्सवाला. त्याच्या कॅमेऱ्याची लेन्स पावसाळी पाइपाएवढी लांब आहे आणि तिच्यासाठी तो शेजारची सीट अडवतो. मग शिवणक्लासवाल्या बाई, बरोबर त्यांच्या क्लासमधल्या चौघीजणी. पाखरं दिसली नाहीत तरी चालतील, पण फिरायला मिळतं म्हणून त्या येतात, हे त्यांनी मला मागेच सांगितलं होतं. ही सगळ्यात शेवटच्या सीटवर, खिडकीशी.

साडेआठला पात्रात उतरलो. मी पुढे. गोटे फार निसरडे होते. दोनदा माझा पाय खळग्यात गेला. वाटेत मी पाच जाती दाखवल्या. त्यातला एक बगळा म्हणजे पांढरा दगड निघाला, पण अशा प्रकाशात कोणाचीही गल्लत होते, असं अध्यक्ष स्वतः म्हणाले. मागून हिचा आवाज कधीमधी ऐकू यायचा. कोणीतरी विचारायचं, "वहिनी, हे काय ओरडतंय?" आणि ही सांगायची, खंड्या, पाणकावळा, ती बघा टिटवी. सूचना क्रमांक अठराचा सरळसरळ भंग! मी नंतर बोलायचं ठरवलं.

नऊ वाजता उंचवट्यावर पोचलो. चारी बाजूंना कोरडं पात्र, समोर धरणाची भिंत. निम्मे लोक अजून खाली गोट्यांवर रेंगाळत होते. साडेनऊच्या सुमारास वरच्या अंगाच्या टिटव्या एकदम ओरडत उठल्या. ही माझ्याजवळ आली.

"अहो, सगळ्यांना वर घ्या."

"का?"

"टिटव्या एकजात उठल्या. आणि तो आवाज ऐकताय? पाणी आहे."

मी म्हटलं, "पाणी दीडला आहे." तेवढ्यात भोंगा वाजला. लांबच लांब.

त्यापुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतंय. ही कडेला जाऊन उभी राहिली आणि तिने जो आवाज लावला तो मी छत्तीस वर्षांच्या संसारात कधी ऐकला नव्हता. ओरडणं नव्हे ते. स्पष्ट, एकेक शब्द सुटा, लाइन खराब असताना बोलतात तसा. "लेन्सवाले, कॅमेरा उचला, उजवीकडून वर या. क्लासच्या मुली, हात धरा, एकामागे एक. बाई, चप्पल सोडा. चप्पल सोडा म्हणतेय ना!" लोक निमूटपणे वर आले. शिवणक्लासवाल्या बाई शेवटच्या होत्या. चपलेसाठी वाकल्या आणि पाण्याने गाठलं. कमरेपर्यंत पाणी आलं. हिने आणि लेन्सवाल्याने कॅमेऱ्याचा पट्टा टाकून त्यांना ओढून घेतलं. मी "सावकाश, सावकाश" असं सांगत होतो.

मग हिने अध्यक्षांच्या डोक्यावरची पिवळी टोपी न विचारता काढली, एका काठीला लावली आणि धरणाच्या दिशेने हलवत राहिली. थोड्या वेळाने दरवाजे बंद झाले. पण आलेलं पाणी ओसरायला दोन तास तरी लागणार होते. आम्ही अडतीस जण त्या उंचवट्यावर, दाटीवाटीने, जेवण बसमध्ये, बस पलीकडे. शिवणक्लासवाल्या बाई एका चपलेने बसल्या होत्या आणि कुडकुडत होत्या. त्यांच्याकडे मला बघवेना.

हळूहळू सगळे माझ्याकडे वळले. कोणीतरी म्हणालं, "वेळ बघितली होती ना तुम्ही?" अध्यक्षांचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण तो लाल असणार हे आवाजावरून कळलं. "निरीक्षकसाहेब, तुमच्या नियोजनाचा हा..." त्यांनी शब्द शोधला. तो सापडायच्या आत मी दुर्बीण डोळ्याला लावली. दुसरीकडे कुठे बघायचं, म्हणून पलीकडच्या काठाकडे बघितलं.

आणि तिथे तो उभा होता.

उंच, काळा, निश्चल. खाली लाल पाय. मी श्वास रोखून बघत राहिलो. त्याने मान वळवली. त्याची चोचही मला दिसली, लालच.

"काळा करकोचा," मी म्हणालो.

पुस्तकातलं ते पान हिने परवाच वाचलं होतं. अध्यक्षांचा शोधायचा राहिलेला शब्द तोंडातच राहिला. "काळा करकोचा? आपल्या यादीत नाही!" मग एकच झुंबड उडाली. लेन्सवाल्याने पाइप रोखला. त्यात पाणी शिरलं होतं, तरी त्याने चाळीस फोटो काढले. म्हणाला, पिल्लू आहे, पहिल्याच वर्षाचं. अध्यक्ष म्हणाले, पूर्ण वाढलेला नर. क्लासमधल्या एका मुलीला त्याने मासा गिळलेला दिसला. दोघांनी तर तो मासाही ओळखला. शिवणक्लासवाल्या बाईंना कोणीतरी दुर्बीण दिली, त्या कुडकुडत होत्या म्हणून ती हलत होती, पण म्हणाल्या, "बाई गं, काय रुबाब!" ही माझ्या मागेच उभी होती. तिने दुर्बीण मागितलीही नाही. तिला कौतुक कमीच.

सगळ्यांच्या सह्या घेतल्या. दोनशेवा!

पाणी ओसरल्यावर आम्ही बसकडे यायला लागलो, तेव्हा पाहतो तर करकोचा गेलेला. आणि नेमका त्याच बाजूने दरवाजांवरचा माणूस चालत येत होता. अंगात काळाकुट्ट प्लास्टिकचा कोट, हाताला ग्रीस. म्हणजे यानेच उडवला! मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं, की सरकारी नोकरीत असून दुर्मीळ पक्ष्याची काही जाण नाही का? तो बिचारा माझ्याकडे आणि मग आपल्या कोटाकडे बघत राहिला. हिला एकाएकी खोकल्याची उबळ आली. ओल्यात उभं राहिल्याचा परिणाम.

परतताना बसमध्ये गाणी झाली.

सोमवार, २ फेब्रुवारी

सकाळपासून अभिनंदनाचे फोन येत होते. अध्यक्षांनी महासंघाला कळवलंसुद्धा.

दुपारी हिने माझ्या पुढ्यात धरणाचं पत्र ठेवलं. वर भिंग ठेवलं. पोस्टाची तिकिटं बघायचं, माझ्या सासऱ्यांचं. "वाचा," म्हणाली.

मी वाचलं. १.३०. भिंग थोडं वर उचललं. पुन्हा वाचलं. अक्षर इतकं वाईट नव्हतं. गोल, नीट काढलेला नऊ होता.

मी बराच वेळ ते भिंग धरून बसलो. मला त्या बाईंचा पाण्यातला चेहरा आठवायचा होता, पण आठवेना, कारण तो मला दिसलाच नव्हता. माझ्यापासून दहा पावलांवर माणूस बुडत होता आणि मला नुसता एक निळा डाग दिसत होता.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"दिवाणखान्यात पडदा बदलला त्याला सात महिने झाले. तुम्ही अजून जुन्याच पडद्याला नावं ठेवता," ही म्हणाली. "मी चारदा सांगितलं डॉक्टरकडे चला म्हणून. तुम्ही दर वेळी दुर्बीण दुरुस्तीला नेलीत."

उद्याची वेळ तिने आधीच घेऊन ठेवली होती.

बुधवार, ४ फेब्रुवारी

काल दाखवून आलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीसारख्या, पण रागावल्या आईसारख्या. "इतके दिवस काय करत होतात?"

"पक्षिनिरीक्षण," मी म्हणालो. त्यांना चेष्टा वाटली.

म्हणाल्या, हे चार-पाच वर्षांपासून चढत आलेलं आहे. तेव्हापासून मी एकच हिशेब करतोय. निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली. म्हणजे शेवटची दोन-तीन वर्षं मी ज्या तराजूंवर पास म्हणून शिक्का मारला, ते तराजू? बाजारपेठेत मला पाहून दुकानदार उठून उभे राहायचे, हसतमुखाने खुर्ची पुढे करायचे. मी समजायचो, धाक आहे.

हिला हे बोलून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "सगळेच काही खोटे नसतील." मग थोड्या वेळाने, "मी आपली किराणा दुसऱ्या आळीतून आणायचे."

मंगळवार, २४ फेब्रुवारी

दहा तारखेला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा पुढच्या महिन्यात. दोन आठवडे हिने मला वाकू दिलं नाही, डोक्यावरून अंघोळ करू दिली नाही. पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा खोलीचा कोपरा दिसला. इतकी जळमटं! हिला बोललो तर म्हणाली, आता दिसतायत ना, मग काढा.

आज आम्ही दोघंच बसने धरणावर गेलो. जाऊ या असं मीच म्हटलं. करकोच्याची जागा एकदा नीट पाहावी म्हणून.

काठावर पाणी मोजायची पट्टी रोवलेली आहे. पुरुषभर उंच, तिच्यावर लाल-पांढरे पट्टे आणि आकडे. पट्टीच्या वरच्या टोकाला काळा कोट अडकवलेला होता. वाऱ्याने त्याची टोपी हलायची, आणि ती जेव्हा हलायची तेव्हा...

दरवाजांवरचा माणूस ग्रीसचा डबा घेऊन आला. मला ओळखलं त्याने. "साहेब, त्या दिवशी कुठला पक्षी उडवला म्हणालात मी? मी तर घाबरलो. म्हटलं, कुणाचा पाळलेला होता की काय!"

मी विचारलं, "कोट रोज इथेच अडकवता?"

"बारा वर्षं झाली. दुसरी खुंटी नाही ना."

तो गेल्यावर मी पट्टीजवळ जाऊन उभा राहिलो. चौतीस वर्षं मी मापं तपासली, आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं निरीक्षण म्हणजे एक माप निघालं. ही हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. रुमालाने दगड झटकला आणि म्हणाली, बसा जरा.

मी ठरवलं आहे. येत्या सभेत दोन्ही गोष्टी उभं राहून सांगायच्या. वेळ मी चुकीची वाचली, आणि करकोचा नव्हता. पहिली जास्त जड जाईल. लोक फाडून खातील. खाऊ देत.

रविवार, १ मार्च

सभा सकाळी दहाला होती. खोलीत शिरताशिरता दिसलं, की भिंतीवर करकोच्याचं मोठं चित्र लावलं आहे. फोटोवरून काढलेलं. फोटोत काळा डाग होता. चित्रात त्या डागाला डोळा, पिसं आणि पाणीदार भाव आले आहेत. शेजारच्या खोक्यात अधिवेशनाचे बिल्ले. त्यांवरही तोच.

मी उभा राहिलो. म्हणालो, "धरणाचं पत्र मी चुकीचं वाचलं. नऊचा आकडा मला एक दिसला. माझ्या डोळ्यांत दोष होता, मला तो जाणवत होता आणि मी लपवला. तुम्ही सगळे बुडाला असता. बाई, तुमची मी माफी मागतो."

शिवणक्लासवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, त्यात काय एवढं! नाहीतरी चपला जुन्याच होत्या." कोणीतरी हसलं. अध्यक्ष उठून म्हणाले, "याला म्हणतात मनाचा मोठेपणा!" आणि टाळ्या. खरंच, टाळ्या! एक मिनिटही लागलं नाही. मी चार आठवडे ज्याने झोपलो नव्हतो ते असं उडून गेलं.

मग मी म्हणालो, "दुसरी गोष्ट. तो करकोचा नव्हता. दरवाजांवरच्या माणसाचा कोट होता. पाणी मोजायच्या पट्टीवर अडकवलेला. मी परवा जाऊन पाहून आलो."

आता मात्र खोली तापली.

"परवाचा कोट असेल. त्या दिवशी करकोचा होता," लेन्सवाला म्हणाला.

"मी त्याला मासा खाताना पाहिलंय," क्लासमधली मुलगी म्हणाली. रडवेली झाली होती.

"तुम्हाला कोट दिसला असेल, काका. आम्हाला पक्षी दिसला," दुसरी म्हणाली.

आणि शिवणक्लासवाल्या बाई, ज्यांनी मला आत्ताच माफ केलं होतं, त्या उठून उभ्या राहिल्या. "मी मरता मरता वाचले त्या दिवशी. त्यानंतर मला तो दिसला. आणि तुम्ही म्हणता कोट? शोभतं का तुम्हाला हे?" या वेळी मला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. डोळ्यांत पाणी होतं.

अध्यक्षांनी टेबलावर पेला वाजवला. "शांत व्हा. कार्यवाहांनी स्वतःच सांगितलं की त्यांच्या डोळ्यांत दोष होता. म्हणजे त्यांची साक्ष ग्राह्य धरता येणार नाही. प्रामाणिकपणाबद्दल त्यांचे आभार मानून त्यांचं नाव साक्षीदारांच्या यादीतून वगळावं. बाकीच्या सदतीस जणांच्या डोळ्यांत काही दोष नाही."

हात वर झाले. मागच्या रांगेतून ही म्हणाली, "माझंही नाव काढा."

"वहिनी, तुम्ही तर सही केलीय!"

"कागद फिरत आला, केली. पक्षी मी पाहिलाच नाही."

"छत्तीस पुरेत," अध्यक्ष म्हणाले. ठराव मंजूर झाला. करकोचा प्रथम कोणाला दिसला, या रकान्यात माझ्या जागी अध्यक्षांचं नाव घालण्याचंही त्यातच ठरलं. अधिवेशनाची तारीख मी लिहून घेतली नाही. मी कार्यवाहपदाचा राजीनामा टेबलावर ठेवला आणि आम्ही निघालो.

बाजारातून चालत येताना हिने विचारलं, "तुम्हाला तो खरंच दिसला होता का हो?"

"हो," मी म्हणालो. "मान वळवली त्याने. अजूनही दिसतो." मग मी विचारलं, "त्या कोटातला माणूस आला तेव्हाच तुला कळलं ना? मग का नाही बोललीस?"

"तेव्हा कळलं. पण त्याआधी खरंच काही माहीत नव्हतं. मी त्या काठाकडे बघितलंच नव्हतं."

"मग काय बघत होतीस?"

"तुम्हाला," ही म्हणाली. "दुर्बीण लावून तुम्ही एकेक पाऊल पुढे सरकत होतात. उंचवट्याची कड संपली होती, खाली पाणी होतं. मी तुमचा सदरा मागून धरून ठेवला होता. छत्तीस जण शेजारी उभे होते, एकाला दिसलं नाही. सगळे करकोचा बघत होते."

एवढं बोलून ती कोथिंबीर घ्यायला वळली. भाजीवालीने जुडी पुढे केली, तिने ती परत टाकून दुसरी उचलली. मी तिथेच उभा राहिलो आणि तिच्याकडे बघत राहिलो.